प्रीमियरमध्ये सगळ्या क्लिप्स 'मीडिया ऑफलाइन' दाखवतायत, लग्नाचं फुटेज गेलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरच्या पीसीवर प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट केलेला लग्नाचा प्रोजेक्ट अंधेरीला मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर उघडला, हार्ड डिस्क तीच, तरी टाइमलाइन, म्हणजे क्लिप्स ओळीने मांडलेली पट्टी, सगळी लाल, परवा डिलिव्हरी आणि आता परत पहिल्यापासून एडिट करायचं का. नाही करायचं. आधी खाली जाऊन एक कटिंग चहा मारून या, फुटेज कुठेही गेलेलं नाही.

तुमची प्रोजेक्ट फाइल असेल काही एमबीची आणि फुटेज शेकडो जीबी. म्हणजे तिच्यात व्हिडिओ नसतोच, कुठली क्लिप कुठल्या ड्राइव्हच्या कुठल्या फोल्डरात आहे आणि कुठून कुठपर्यंत वापरलीय एवढंच लिहिलेलं असतं. चाळ तीच, बिऱ्हाड तेच, फक्त पाटीवरचा नंबर बदलला म्हणून पोस्टमन परत गेला, असं झालंय तुमचं.

एक मात्र करू नका, घाईघाईत बिनमधल्या (इम्पोर्ट केलेल्या क्लिप्सची यादी असते तो फोल्डर) लाल क्लिप्स डिलीट करून फुटेज नव्याने इम्पोर्ट करायला जाऊ नका, कारण बिनमधून उडवलं की टाइमलाइनवरूनही उडतं आणि मग खरंच बोंब. प्रोजेक्ट फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा आणि मगच हात लावा.

आता बहुतेक काय झालं असणार सांगतो. घरी डिस्क 'ई' ड्राइव्ह म्हणून लागत होती, मित्राकडे ती 'एफ' किंवा 'जी' झाली. प्रीमियर बिचारा 'ई' मध्येच शोधत बसलाय. प्रीमियर बंद करा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, तुमच्या डिस्कवर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर बदला आणि परत 'ई' द्या (तिथे मित्राचा पेनड्राइव्ह बसला असेल तर तो आधी काढा). प्रोजेक्ट उघडा, निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच होतं, रीलिंकच्या, म्हणजे प्रत्येक क्लिपला तिची फाइल परत दाखवायच्या भानगडीत पडावंच लागत नाही. मॅकवाल्यांचं लेटरवर नाही, डिस्कच्या नावावर चालतं, त्यामुळे नाव बदललं तरी हीच रड.

फोल्डरची नावंच बदलली असतील तर मग लिंक मीडिया. बिनमध्ये क्लिप्स सिलेक्ट करा, राइट क्लिक, लिंक मीडिया, लोकेट, आणि पहिली फाइल हाताने दाखवा. 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली'वर टिक असेल तर आतल्या फोल्डरांची रचना तीच असेपर्यंत बाकीच्या तो स्वतःच पकडतो.

पण इथेच माझी एकदा जाम वाट लागली होती. डोंबिवलीचं लग्न, तीन कॅमेरे, तिन्ही एकाच कंपनीचे आणि प्रत्येक कार्डावर नंबर परत सी०००१ पासून सुरू, म्हणजे सी००१२ नावाच्या फाइल्स तीन. रात्री दोनला रीलिंक केलं, लाल गेलं, मी खूष, न बघता एक्स्पोर्ट मारला. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलीच्या मावशीचा फोन. मंगलाष्टकं संपून "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला आणि स्क्रीनवर आचारी जिलेबी तळतोय! मावशी म्हणाल्या, जिलेबी छान आलीय हो, पण जावई कुठंय?

तेव्हापासून ऑटोमॅटिकवर डोळे झाकून विश्वास नाही. एकेका कॅमेऱ्याच्या क्लिप्स वेगळ्या सिलेक्ट करून त्याच कार्डाचा फोल्डर दाखवतो, फाइल नेमसोबत 'मीडिया स्टार्ट'वर पण टिक ठेवतो, म्हणजे टाइमकोडही (कॅमेऱ्याने क्लिपवर नोंदवलेली वेळ) जुळावा लागतो. आणि नंतर टाइमलाइन एकदा पूर्ण घासून बघायचीच. क्लिपच्या शेवटी तिरक्या रेषा दिसल्या तर समजा तिथे आखूड, म्हणजे भलतीच फाइल बसलीय.

एवढं करूनही दोन-चार गोष्टी लाल राहतीलच, सनईचा ट्रॅक, पत्रिकेचा फोटो वगैरे, कारण ते तुम्ही घरच्या पीसीच्या डाउनलोड्समधून थेट ओढून टाकलेलं असणार आणि डिस्कवर ते कधी नव्हतंच. घरी फोन करून मागवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून बारीक होऊन येईल.

पुढच्या वेळी निघायच्या आधी फाइल मेनूमधलं प्रोजेक्ट मॅनेजर वापरा, 'कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन', वापरलेलं सगळं एका फोल्डरात येतं. जागा खातं, वेळही खातं, तरी करा. क्लिप्सना कॅमेऱ्याचं नाव द्यायचं असेल तर ते इम्पोर्टच्या आधी, एडिट सुरू झाल्यावर नाही.

लेटर बदलूनही लाल राहिलंच तर लिंक मीडियाच्या खिडकीत जुना पाथ (फाइलचा ड्राइव्ह-फोल्डरसकट पत्ता) दिसतो तो आणि आत्ता फाइल जिथे आहे तो, दोन्ही जसेच्या तसे लिहून टाका. आज रात्री मी जागाच आहे, माझाही एक एक्स्पोर्ट चालूय.