कुसरीच्या झुडपाचा पहिला वाळवलेला नमुना (हर्बेरियमसाठी) तयार करताय?

कुसर (जास्मिनम मलबारिकम, मोगऱ्याच्या जातकुळीतलं रानझुडूप) निवडलीत, छान! उन्हाळ्यात सह्याद्रीत ती भरपूर फुलते. वनखात्याची परवानगी मात्र आधी.

नवखे फांदी कागदात दाबण्यात कमी, नमुन्यासोबतच्या माहितीच्या चिठ्ठीत जास्त चुकतात. पांढरी फुलं वाळून तपकिरी होतात, वास उडतो, आणि झुडूप आधाराला चढलं होतं की नाही हे कागदावरून कुणालाच कळत नाही. म्हणून जागेवरच लिहा:

- तारीख, गाव, तालुका, उंची. नुसतं ‘महाबळेश्वर’ निरुपयोगी.
- फुलांचा रंग, वास, झुडपाची ठेवण.
- एका झुडपाला एकच संग्रह क्रमांक (तुम्ही नमुन्याला दिलेला अनुक्रमांक).

फांदीवर पानं-फुलं दोन्ही हवीत. एक पान उलटं दाबा. प्रजातीची खात्री नसेल तर बिनधास्त ‘जास्मिनम’ एवढं पहिलंच नाव लिहा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहाशी ताडता येईल. फुलाची चिरफाड वगैरे पुढच्या मोसमात.