इंडियाला चाललोय, घरातल्या पाण्याचं काय करू?

नोव्हेंबर लागला की या सदराला पत्रं येतात ती सगळी एकाच सुरातली. तिकिटं झाली, बॅगा चढल्या वजनकाट्यावर, आता बंद घराची काळजी. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, गच्चीतल्या गळतीवाल्यांनी जरा दम धरावा.

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही मिनियापोलिसच्या बाहेर सबर्बमध्ये राहतो, घर घेऊन दोनच वर्षं झाली. डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला जातोय, संक्रांत करूनच परत येणार, म्हणजे पाच आठवडे घर बंद. नवरा म्हणतो हीटिंग ५५ वर ठेवू आणि निघू. त्याच्या ऑफिसमधला एक जण म्हणतो नळ बारीक चालू ठेवा. मैत्रीण म्हणते पाण्याचा मेन वॉल्व बंद करून सगळं पाणी काढून टाका. मला तर आत्तापासून झोप लागत नाहीये, नक्की कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, मैत्रिणीचं ऐका. नवरा अर्धा बरोबर आहे, आणि ऑफिसवाल्याचा सल्ला घरात माणसं असताना एखाद्या कडक रात्रीपुरता ठीक आहे, पाच आठवडे रिकाम्या घरात नळ सोडून गेलात आणि खाली ड्रेनच गोठला तर ते बारीक पाणी सिंकमधून वर येऊन किचनभर पसरेल, आणि घर तापवणारी फर्नेसही बंद पडली तर घरातच स्केटिंग करा.

आधी पाईप फुटतो कसा ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप पटेल. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत झालंय, पण पाईप नेहमी बर्फ झाला तिथेच फुटतो असं नाही. आत बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जातं आणि बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकलंय त्याला दाबत राहतं, त्याला जायला जागाच नाही, शेवटी तांब्याचा पाईप शेंगेसारखा उकलतो. तेव्हा कुणाला काही कळतही नाही कारण बूच पाणी अडवून बसलेलं असतं. थंडी ओसरली, बूच वितळलं, की मग धो धो, आणि मेन चालू असेल तर थांबवणारं कोणी नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, आधी पाणी तोडा, हीटिंगचं नंतर बोलू.

५५ फॅरनहाइट ठेवायचंच, त्याच्या खाली नाही. पण ते ५५ थर्मोस्टॅट लावलाय त्या हॉलच्या भिंतीचं. उत्तरेच्या भिंतीला लागून असलेलं किचन सिंक, गराजच्या डोक्यावरचं बाथरूम, तिथे बाहेर उणे २० असताना भिंतीच्या आत काय चाललंय ते थर्मोस्टॅटला दिसत नाही. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकून जा, तेवढी तरी गरम हवा आत जाते. दुसरं म्हणजे ५५ हे फर्नेस चालू आहे तोवर. लाइट गेली तर फर्नेस गेली, गॅसची असली तरी, कारण पंखा आणि इग्निशन विजेवरच आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१४ च्या जानेवारीत उत्तर ध्रुवाकडची थंडी खाली घसरली होती तेव्हा मी वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला कोल्हापुरात, आणि मिशिगनमधल्या घरात थर्मोस्टॅट ऐटीत ६० वर. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर चिमणीतून नाही, भिंतीतून बाहेर काढलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाईपातून जातो, आणि आमचा तो पाईप जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर होता. बर्फाच्या ढिगाखाली तो गाडला गेला, फर्नेस सुरक्षा म्हणून स्वतःहून बंद, झालं. मेन चालूच होतं कारण मी म्हटलं होतं की ६० वर आहे, कशाला. शेजाऱ्याला आमच्या भिंतीवरून बाहेर आलेले बर्फाचे लोळ दिसले तेव्हा फोन आला, इथे पंगत बसली होती आणि मी कोपऱ्यात कानाला फोन लावून मेनचा वॉल्व कुठे आहे ते सांगतोय. बेसमेंटमधली पुस्तकं, दिवाळी अंकांचे २० वर्षांचे गठ्ठे, सगळा लगदा. सोफ्याचे पैसे मिळाले, अंकांचे कोण देणार.

तर आता करायचं काय. मेन वॉल्व बहुतेक बेसमेंटमध्ये पाण्याच्या मीटरजवळ असतो. दांडीवाला असेल तर पाव फेरा फिरवला की बंद, चाकवाला जुना असेल तर तो १५ वर्षांत कुणी हलवलेला नसतो, आणि निघायच्या आदल्या रात्री जोर लावला तर तिथूनच गळायला लागतो, म्हणून आजच फिरवून बघा, अडला तर प्लंबरकडून बदलून घ्या. निघायच्या दिवशी मशीन लावून झालं, आंघोळी झाल्या, की आधी वॉटर हीटर, गॅसचा असेल तर व्हेकेशनवर, विजेचा असेल तर ब्रेकर बंद, टाकी अर्धी रिकामी असताना चालू राहिला तर आतला एलिमेंट जळतो. मग मेन बंद. मग वरच्या मजल्यापासून सगळे नळ उघडा, गरम आणि थंड दोन्ही, शॉवरसुद्धा, कमोड फ्लश करा, आणि सगळ्यात खालचा नळ, लाँड्रीच्या टबाचा वगैरे, तो उघडला की वरचं पाणी भळाभळा खाली येऊन जातं. नळ तसेच उघडे ठेवून जा. आत थोडंफार पाणी राहिलं तरी फुगायला वाट असली की दाब चढत नाही. फ्रीजचा आइस मेकर आणि फर्नेसला ह्युमिडिफायर असेल तर तो, दोन्ही बंद करा. आणि वॉल्ववर चिठ्ठी चिकटवा की नळ उघडे आहेत, कुणी मेन चालू करू नये, नाहीतर मदतीला आलेलाच माणूस घर बुडवायचा. घरात आगीसाठीचे स्प्रिंकलर असतील तर मात्र त्यांची लाइन अजिबात बंद करायची नाही.

बागेचा होजपाईप अजून नळाला लटकतोय ना? काढा. न गोठणारा म्हणून जो लांब दांड्याचा नळ लावलेला असतो त्याचं सगळं गणित आतलं पाणी बाहेर निथळण्यावर आहे, होज लावून ठेवला की ते निथळतच नाही, आणि तो भिंतीच्या आत फुटतो. एप्रिलमध्ये झाडांना पाणी घालायला गेलात की बेसमेंटमध्ये पाऊस.

इन्शुरन्सचे कागद काढून वाचा. इथल्या बहुतेक होम पॉलिसींमध्ये असं लिहिलेलं असतं की घर रिकामं असताना पाईप गोठून नुकसान झालं तर तुम्ही घरात उष्णता राहील याची वाजवी काळजी घेतलेली हवी, किंवा पाणी बंद करून पाईप रिकामे केलेले हवेत. तुम्ही दोन्ही करताय, मग थर्मोस्टॅटचा आणि बंद वॉल्वचा फोटो काढून ठेवायला काय जातंय. आणि किल्ली शेजारी द्या. वायफायवाला थर्मोस्टॅट आणि पाण्याचे सेन्सर छान आहेत, मीही लावलेत, पण लाइट आणि इंटरनेट एकदम गेलं की ते गप्प बसतात, शेजारची आजी मात्र आठवड्यातून दोनदा आत जाऊन फर्नेस चालू आहे का ते बघते आणि बाहेरच्या पांढऱ्या पाईपावरचा बर्फही बाजूला करते. येताना तिच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणा.

प्रश्न: आम्ही डॅलसला असतो. इथे कुठे एवढी थंडी, तीन आठवड्यांसाठी हे सगळं करायची खरंच गरज आहे का? घरात टँकलेस, म्हणजे टाकी नसलेला वॉटर हीटर आहे, बाहेरच्या भिंतीवर.

उत्तर: फेब्रुवारी २०२१ विसरलात का? तुमच्याकडे उणे २ फॅरनहाइटपर्यंत उतरलं होतं आणि टेक्सासात लाखो घरांची वीज गेलेली. मिनेसोटातली घरं थंडी धरून बांधलेली असतात, तुमच्याकडे पाईप सरळ माळ्यावरून, अ‍ॅटिकमधून नेलेले, त्यावर नावाला इन्सुलेशन. उघड्या पाईपाला बाहेरचं तापमान २० च्या खाली गेलं की धोका सुरू होतो असं धरून चालायचं, आणि तेवढं तुमच्याकडे अधूनमधून जातंच. मेन तुमच्याकडे बहुधा बाहेर मीटरपाशी जमिनीतल्या डब्यात सापडेल, काहींना तो फिरवायला लांब पाना लागतो, आधीच आणून ठेवा. टँकलेसमध्ये गोठू नये म्हणून छोटा हीटर असतो खरा, पण तो विजेवर चालतो, आणि वीज जाते ती नेमकी त्याच रात्री. त्यामुळे त्याचे खालचे दोन्ही वॉल्व बंद करून आतलं पाणी काढून जा, मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते, १० मिनिटांचं काम.

प्रश्न: बॉस्टनजवळ १९२० च्या सुमाराचं घर आहे, रेडिएटरवालं, स्टीमचं. मेन बंद केलं तर हीटिंगचं काय होईल?

उत्तर: बरं झालं विचारलंत. स्टीम बॉयलर पाणी खातो, कमी झालं की आपोआप भरून घेतो, मेन बंद केलं तर भरणार कुठून, पातळी घसरली की बॉयलर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करतो आणि मग सगळंच गार. तुम्ही बॉयलरची लाइन वेगळी ठेवून बाकी घराचं पाणी तोडता येईल असा वॉल्व बसवून घ्या. हे हाताने करू नका, बॉयलरवाल्यालाच बोलवा आणि ऑक्टोबरमध्ये बोलवा, डिसेंबरात तो फोन उचलत नाही.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड, राहतो नाशिकला, मनालीच्या वर एक छोटं घर बांधलंय. डिसेंबर ते मार्च ते बंदच असतं. गेल्या वर्षी गिझर आणि कमोड दोन्ही फुटले. तिथला माणूस म्हणतो, रात्री नळ थोडा चालू ठेवत जा.

उत्तर: चालू ठेवायला तिथे आहे कोण? काश्मीरातही चिल्ले कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या ४० दिवसांत, २१ डिसेंबरपासून, लोक रात्री नळ सोडून ठेवतात, पण ते घरात असतात, कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, घेऊन. तुमच्या घरात हीटिंगच नाही, त्यामुळे तुमचा उपाय सरळ आहे, सगळं कोरडं करून या. वरच्या टाकीकडे येणारं पाणी बंद, टाकी तळातून रिकामी, सगळे नळ उघडे. गिझरचा स्विच बंद करून खालचा ड्रेन प्लग काढा, नुसता नळ उघडून गिझर रिकामा होत नाही, आतली टाकी भरलेलीच राहते, तुमचा त्यामुळेच गेला. कमोड फुटतो तो टाकीतल्या आणि भांड्यातल्या पाण्याने, फ्लश करा, उरलेलं स्पंजने टिपून काढा आणि वर प्लास्टिक बांधा म्हणजे वास येणार नाही. बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असतो, पाणी साचून राहतं तो भाग, तो हाताने फिरवून उघडतो, तोही ओतून टाका. अमेरिकेत यासाठी आरव्हीवाली, म्हणजे फिरत्या घराच्या गाड्यांत वापरतात ती गुलाबी अँटीफ्रीझ, पाणी गोठू न देणारं द्रव, ओततात, प्रॉपिलीन ग्लायकॉलची. मनालीत कुणी गाडीच्या रेडिएटरची हिरवी आणून दिली तर घेऊ नका, ती विषारी असते, आणि तुमचं ड्रेन शेवटी बागेतच सुटत असणार.

प्रश्न: काका, पाणी बंद करून जायचं ते कळलं. परत आल्यावर चालू कसं करायचं? मागच्या वेळी नळातून इतके फटाके वाजले की मुलगा रडायला लागला.

उत्तर: ती हवा असते, घाबरायचं नाही. सगळे नळ थोडे उघडे ठेवून मेन अगदी हळू, चिमूटभर उघडा, एकाने बेसमेंटमध्ये कान देऊन उभं राहायचं, कुठे सळसळ ऐकू आली तर लगेच बंद. हवा निघून धार सलग झाली की खालून वर एकेक नळ बंद करत जा. हीटर सगळ्यात शेवटी, गरम नळातून सलग पाणी आल्याशिवाय नाही. एखाद्या नळाला पाणीच आलं नाही तर तिथे बर्फाचं बूच असेल, नळ उघडा ठेवून त्या बाजूने हेअर ड्रायर लावत मागे मागे जा. बर्नर, मेणबत्ती, गॅसची ज्योत, काहीही लावायचं नाही, त्याने भिंती पेटतात.

आणि हे काम २२ तासांच्या प्रवासानंतर रात्री ११ ला करू नका, डोळे मिटत असतात आणि कान काही ऐकत नाहीत. जातानाच चार बाटल्या पाणी आणि एक बादली भरून ठेवा, चहा आणि कमोड भागतो, मेन सकाळी उघडा.