बुखारीत एकच हदीस सात वेळा का येते?

तुमची अडचण थोडक्यात अशी : सहीह बुखारीचा, म्हणजे बुखारींनी जमवलेल्या हदीसांच्या (पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदींच्या) संग्रहाचा, अनुवाद वाचायला घेतला, पहिल्या प्रकरणाचं शीर्षक 'वहीची (पैगंबरांवर उतरलेल्या ईश्वरी संदेशाची) सुरुवात कशी झाली' आणि त्याखालची पहिलीच हदीस मात्र 'कर्माचं मोल हेतूवर ठरतं' ही. मेळ लागत नाही, पुढे तीच हदीस परत परत येते. मग यावर तेरा-तेरा खंडांची भाष्यं लिहिण्यासारखं आहे तरी काय?

तुम्हाला जे खटकलं, त्यावरच तर ती भाष्यं उभी आहेत. बुखारी (हिजरी १९४-२५६) स्वतःचं मत सलग असं कुठे मांडत नाहीत. ते शीर्षकातून सुचवतात आणि खाली हदीस ठेवून गप्प बसतात. दोन्हींतला दुवा वाचणाऱ्याने शोधायचा. शरह, म्हणजे भाष्य, हे बरंचसं त्या शोधाचं काम आहे; कठीण शब्दांचे अर्थ हा त्यातला किरकोळ भाग.

हेतूचीच हदीस बघा. पहिल्या जागेनंतर ती ईमानच्या (श्रद्धेच्या) प्रकरणात येते, मग गुलाम मुक्त करण्याच्या, हिजरतीच्या (मक्का सोडून मदीनेला जाण्याच्या), निकाहच्या, शपथा-नवसांच्या आणि शेवटी हियल म्हणजे कायद्यातल्या पळवाटांच्या. गुलामांच्या प्रकरणात प्रश्न असा, की चुकून किंवा विसरून तोंडातून शब्द गेला तर गुलाम सुटला का, तलाक झाला का? निकाहात : एखाद्या बाईशी लग्न करता यावं म्हणून कुणी हिजरत केली, तर त्याच्या पदरात काय पडतं? हियलमध्ये तर रोख थेट आहे. जकात, म्हणजे सक्तीचं वार्षिक दान, चुकवायला वर्ष भरायच्या आदल्या दिवशी उंट विकून टाकले, तर 'काही लोक' म्हणतात हरकत नाही, असं बुखारी तिथे नोंदवतात. हे 'काही लोक' म्हणजे हनफी कायदेपंथाचे लोक, असं सहसा समजलं जातं. आणि सातही वेळा बुखारींनी ती वेगळ्या गुरूकडून ऐकलेली दिली आहे. वरची साखळी, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती परंपरा, मात्र प्रत्येक वेळी याह्या बिन सईद अन्सारींपाशी येऊन मिळते.

आता पहिल्या जागेचं कोडं. इब्न हजर अस्कलानी 'फत्हुल बारी' या आपल्या बुखारीवरच्या भाष्यात त्याची बरीच उत्तरं गोळा करतात. एक असं : ही हदीस बुखारींनी मक्केच्या हुमैदींकडून घेतली आहे आणि लगेच पुढची मदीनेच्या मालिक यांच्या वाटेने आली आहे, वहीसुद्धा आधी मक्केत उतरली, मग मदीनेत. मला हे जरा ताणलेलं वाटतं. पण रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा, कुठल्या गावचा, इतकं बारकाईने वाचण्याची ही रीत आहे, हे त्यातून कळतं.

इब्न हजरांनी हे काम कैरोत हिजरी ८१७ ला सुरू केलं आणि ८४२ ला संपवलं. आधी तोंडी सांगून लिहवलं, मग आठवड्याच्या बैठकीत लिहिलेला भाग शिष्यांसमोर वाचायचा, मूळ प्रतीशी ताडायचा, त्यावर वाद घालायचा. पुरं झालं तेव्हा शहराबाहेर मोठी मेजवानी झाली, खर्च पाचशे दिनार. त्याच शहरात बद्रुद्दीन ऐनी 'उम्दतुल कारी' हे बुखारीवरचंच दुसरं भाष्य लिहीत होते. ते हनफी, इब्न हजर शाफई या दुसऱ्या कायदेपंथाचे, शिवाय दोघेही काझीपदावर बसलेले; त्यामुळे खटके उडायचेच. ऐनी 'फत्हुल बारी'तले मुद्दे नाव न घेता खोडतात. इब्न हजरांनी त्याला उत्तर म्हणून वेगळा ग्रंथच लिहायला घेतला. शांकरभाष्यातला पूर्वपक्ष आठवा. फरक इतकाच, की इथे पूर्वपक्षवाला शेजारच्या मदरशात जिवंत बसलेला होता.

आपल्याकडचे धागेही आहेत. बुखारीवर भाष्य लिहिणारे इजिप्तचे दमामीनी गुजरातेत आले आणि हिजरी ८२७ ला बहमनींच्या गुलबर्ग्यात वारले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'फत्हुल बारी' कैरोच्या बुलाक छापखान्यात छापली गेली, तिचा खर्च भोपाळच्या सिद्दीक हसन खान यांनी उचलला.

आता वाचायचं कसं? पहिल्या खंडापासून सलग वाचायला बसू नका, दमाल. हियलचं प्रकरण घ्या, तिथे भांडण उघड आहे. आधी शीर्षक वाचा, मग हदीस, दुवा काय असेल ते स्वतः लिहून ठेवा आणि त्यानंतरच इब्न हजर उघडा. अरबी येत असेल तर त्याच जागी ऐनींचं म्हणणंही बघा. ते सुरुवातीला फार विस्ताराने लिहितात, शेवटाकडे आखडतात, पण हनफी बाजू सांगायची वेळ आली की पुन्हा रंगात येतात. उर्दूच येत असेल तर वहीदुज्जमाँ यांचं 'तैसीरुल बारी' चालेल. आणि सहीह मुस्लिम हा दुसरा हदीससंग्रह हाती घेतलात तर तिथे ही युक्ती लावू नका : त्यातली छापील शीर्षकं संग्राहक मुस्लिम यांची नाहीत, ती बहुतेक भाष्यकार नववींनी नंतर घातलेली आहेत.