एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या गॅस तपासणीत) पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता, नॉर्मल असेल तर पुढचे आकडे बघायची गरज आहे का? त्यासाठी कुठलं अ‍ॅप चांगलं?

गरज आहे. पीएच नॉर्मल असतानाच सगळ्यात जास्त फसगत होते.

सांगलीत एका आयसीयूत याच मुद्द्यावर माझी वरिष्ठांशी खडाजंगी झाली होती. शुगरचा पेशंट, तीन दिवस उलट्या. पीएच ७.३९, सीओटू (श्वासावाटे बाहेर पडणारा, आम्ल वाढवणारा वायू) ३९, बायकार्ब (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) २३. वरिष्ठ म्हणाले, ‘गॅस नॉर्मल आहे, वॉर्डात हलवा.’ गॅसच्या मशीनवर क्लोराइड येत नव्हतं. लॅबमधून मागवलं तेव्हा सोडियम १३८, क्लोराइड ९०. १३८ मधून ९० आणि २३ वजा केले की अनायन गॅप २५; हा वाढला की रक्तात न मोजलेलं आम्ल साठलंय. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.४ होतं, ते ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, तितके अडीचपट गॅपमध्ये मिळवायचे, म्हणजे २९. साधारण १२ पर्यंत ठीक. किटोन्स (शुगर बिघडल्यावर तयार होणारी आम्लं) बायकार्ब खात होते, उलट्यांतून पोटातलं आम्ल जाऊन बायकार्ब वाढत होतं. या ओढाताणीत पीएच मधोमध उभा! नुसत्या उलट्या थांबवून सलाइन लावलं असतं, तर झाकलेली अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) उघडी पडली असती. अशा पेशंटचं पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन.

अ‍ॅपचं म्हणाल, तर क्लोराइड आणि अल्ब्युमिन तुम्ही भरलं नाही तर तेही नॉर्मलच सांगणार. गॅसबरोबर त्याच वेळी लॅबचं सॅम्पल पाठवा, हे जास्त महत्त्वाचं.

मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिसमध्ये (श्वासामुळे नाही, तर बायकार्ब घटल्यामुळे झालेल्या) अपेक्षित सीओटू म्हणजे बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडेतिकडे. बायकार्ब ८ असेल तर २०. असा धापा टाकणारा पेशंट इंट्युबेट करून (श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर) रेट, म्हणजे मिनिटाला श्वास, १४ वर सोडला आणि सीओटू ४० झाला, की ७.२२ चा पीएच ६.९२ वर येतो. रेट वाढवूनच ठेवा, फक्त श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना ते बघा. व्हेंटिलेटरवर सीओटू आपण ठरवतो, त्यामुळे तिथे या सूत्राने निदान करू नका.

आणि हो, सिरिंजमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं तर बायकार्ब आणि सीओटू दोन्ही खोटे कमी दिसतात. शंका आली की परत काढा. सांगलीच्या त्या पेशंटचा गॅस आम्ही परत काढला होता. पीएच तोच, गॅपही तेवढाच.