जुन्या गाडीच्या बॉनेटला गॅस स्ट्रट बसवताना

अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाडीसाठी गॅस स्ट्रट (बॉनेट उचलून धरणारी, दाबाखालील वायू भरलेली नळी व तिच्यातून सरकणारा दांडा) विकत घेण्यापूर्वी बॉनेटचे वजन आणि बिजागरीपासून त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे, कारण गरजेपेक्षा जोरदार स्ट्रट लावल्यास बॉनेट बंद करताना पत्रा बिजागरीजवळ वाकतो, आणि तो नीट सरळ करणे हे स्ट्रट बसवण्यापेक्षा कितीतरी खर्चिक काम आहे. स्ट्रटवर छापलेला न्यूटनमधील जोर साधारणतः २० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. आतील नायट्रोजनचा दाब तापमानासोबत वाढत असल्याने सोलापूरच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात तो जोर सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणून दोन मापांत संभ्रम असल्यास मी कमी जोराचेच माप निवडेन. बॉनेट बंद असताना दांडा खालच्या बाजूस राहावा, म्हणजे आतील तेलाने सील ओले राहते. मूळ टेकूची सळई मात्र काढू नये. कारण स्ट्रटमधील वायू कालांतराने कमी होतोच.