डिझायनर कधी घ्यावा, कसा घ्यावा: सहा प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेले बरेचसे प्रश्न एकाच अडचणीभोवती फिरत होते. धंदा वाढला, आता डिझाइन, मजकूर, फोटो, व्हिडिओ ही कामे कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या बोलीवर सोपवावीत? त्यांतील सहा प्रश्न येथे थोडे आटोपशीर करून घेतले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख गाव आणि धंदा एवढीच ठेवली आहे.

प्रश्न : सांगलीत आमचा हळद आणि मसाल्यांचा धंदा आहे. पाकिटाचे डिझाइन पाच वर्षांपूर्वी छापखान्यातल्या मुलाने करून दिले होते. इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट पुतण्या फोनवर बनवतो. आता मोठ्या दुकानांत माल ठेवण्याची बोलणी चालू आहेत. व्यावसायिक डिझायनर घेण्याची वेळ आली हे कशावरून ओळखावे?

उलाढाल अमुक लाखांवर गेली की डिझायनर घ्यावा, असा आकडा अनेकजण मागतात, पण मी तो देत नाही. त्याऐवजी, हे काम चुकले तर ती चूक किती रुपयांना पडेल, असे प्रत्येक कामाबद्दल स्वतःला विचारा. पुतण्याची पोस्ट चुकली तर ती काढून दुसरी टाकता येते, म्हणून पोस्ट तूर्त त्याच्याकडेच राहू द्या. पाकिटाचे तसे नाही. छापील पाउचचा रोल ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांनी छापणाऱ्या यंत्रावर, निघतो. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि पारदर्शक फिल्मवर पांढरा हाही एक रंगच धरला जातो, हे पहिल्यांदा छापणाऱ्यांच्या बहुधा लक्षात येत नाही. त्यावर छापखाना किमान काही किलोंची ऑर्डर मागतो. अशा छपाईत एक शब्द चुकला तर सिलिंडरही गेला आणि रोलही गेला.

शिवाय पाकीट ही कायद्याच्या कक्षेतली वस्तू आहे. २०११ चे आवेष्टित वस्तूंचे वैधमापन नियम आणि २०२० चे अन्नपदार्थांच्या लेबलिंगचे विनियम यांनुसार निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह अशा अनेक गोष्टी पाकिटावर असाव्याच लागतात आणि त्यांतील काहींच्या अक्षरांची किमान उंचीही ठरवून दिलेली आहे. मोठ्या दुकानांची खरेदी करणारी मंडळी चवीआधी पाकिटाची मागची बाजू वाचतात. अन्नपदार्थांची पाकिटे आधी केलेला डिझायनर किंमत, बॅच आणि तारीख सिलिंडरमध्ये कोरत नाही. तो त्यांच्यासाठी कोरी पट्टी सोडतो आणि तो मजकूर नंतर भरताना यंत्राने मारला जातो. नवख्याने किंमत डिझाइनमध्येच कोरून टाकली, तर हळदीचा भाव हलला की तुमचा रोल अडकला.

तेव्हा तुमच्यापुरते उत्तर असे, की पाकिटासाठी आजच माणूस शोधा, बाकी कामे वर्षभर थांबू शकतात. मात्र त्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. डिझाइनला शेवटचा होकार कोण देणार? तुम्ही, तुमचे बंधू आणि वहिनी अशा तिघांनी तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या सांगितल्या, तर कितीही निष्णात डिझायनर आणला तरी पाकीट चौथ्यांदाही पूर्ण होणार नाही. चांगल्या डिझायनरची वाट लागताना मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा अशा घरांत.

प्रश्न : पुण्यात लहान मुलांच्या कपड्यांचा आमचा ब्रँड आहे. दर महिन्याला फ्रीलान्सरची बिले वाढत आहेत. पगारावर माणूस ठेवावा, की एजन्सीकडे सगळे द्यावे?

आधी मागच्या तीन महिन्यांची बिले एका कागदावर उतरवून प्रत्येक कामापुढे 'पुन्हा येणारे' की 'एकदाचे' एवढेच लिहा. नव्या मालाचे फोटो कापून वेबसाइटला लावणे, सवलतीचे बॅनर, मापांचे तक्ते, कुरिअरच्या पिशवीतली चिठ्ठी ही पुन्हा येणारी कामे झाली. लोगो, वेबसाइटची मांडणी, दिवाळीची फिल्म ही एकदाची. पुन्हा येणाऱ्या कामांनीच एका माणसाचा आठवडा भरत असेल, तर पगारावर माणूस ठेवणे परवडते. तो भरत नसेल तर रिकाम्या दिवसांत त्याच्याकडून आमंत्रणपत्रिका आणि मालकाच्या मुलाच्या शाळेचे प्रकल्प करवून घेतले जातात, आणि वर्षाच्या आत तो नोकरी सोडतो.

तुम्ही पाठवलेली नोकरीची जाहिरात वाचली. तिच्यात डिझाइन, फोटो, व्हिडिओ संपादन, मराठी-इंग्रजी मजकूर आणि फेसबुकच्या जाहिराती चालवणे या सगळ्यांसाठी एकच माणूस मागितला आहे. ही पाच माणसांची कामे आहेत आणि पाचही बरी करणारा माणूस भेटलाच, तर तो त्या पगारात येणार नाही. पुन्हा येणाऱ्या यादीत जे काम सर्वांत जास्त वेळा आले आहे, त्यातला पक्का माणूस घ्या आणि बाकीचे काम बाहेर ठेवा.

एजन्सीचा मार्ग तेव्हा योग्य, जेव्हा एकाच वेळी अनेक कौशल्ये लागतात आणि त्यांचा मेळ घालायला तुमच्याकडे कोणी मोकळे नसते. तिथे एक सावधगिरी बाळगा. पहिल्या बैठकीला ज्येष्ठ मंडळी येतात, पण रोजचे काम कोण करणार आहे ते त्याच बैठकीत विचारा आणि त्या व्यक्तीचे काम पाहायला मागा. मासिक ठरावीक रकमेचा करार करणार असाल, तर त्या रकमेत महिन्याला किती नगांचे काम आणि प्रत्येकाच्या किती दुरुस्त्या बसतात, हे आकड्यांत लिहून घ्या. 'आवश्यकतेनुसार' या शब्दावर मी जितकी भांडणे पाहिली, तितकी रकमेवरही पाहिलेली नाहीत.

प्रश्न : रत्नागिरीत आम्ही आंब्याचा आणि कोकमाचा प्रक्रिया उद्योग चालवतो. लोगोसाठी एकाने २ हजार, दुसऱ्याने ६० हजार रुपये सांगितले. एवढा फरक कसा? दोघांकडूनही आधी नमुना मागितला तर चालेल का?

फरक बहुधा चित्राचा नसून त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाचा असतो. दोन हजारांत तुम्हाला एक चित्र मिळेल, कदाचित सुबकही असेल. साठ हजार मागणारा त्यात काय काय देणार आहे, ते त्याला ओळीओळीने लिहून द्यायला सांगा. तुमच्या मालाच्या रांगेतल्या इतरांची पाकिटे तो पाहणार का, तेच नाव आणि तशीच खूण आधीच कोणी नोंदवली आहे का हे तपासणार का, लोगो बाटलीच्या झाकणावर आणि टेम्पोच्या बाजूला कसा दिसेल हे दाखवणार का, देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपे देणार का, हे त्या यादीवरून कळेल. यांतले काहीच नसेल, तर साठ हजार कशाचे हे त्यालाही सांगता येणार नाही.

व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा शोध तुम्ही स्वतःही घेऊ शकता. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते, तेव्हा शोधही त्या वर्गात घ्या: मुरंबा, जॅम यांचा वर्ग २९, तर मसाल्यांचा ३०. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होते. नोंदणी होण्याआधी नावापुढे वर्तुळातला 'आर' छापणे हा गुन्हा आहे. हौशी डिझायनर शोभेसाठी तो घालून ठेवतात, तेव्हा प्रूफ पाहताना तेवढे बघा.

फुकट नमुना मागू नका. ज्याच्याकडे काम आहे तो देणार नाही आणि जो देईल तो दुसऱ्याचे जुने रेखाटन रंग बदलून देण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा कोकम सरबताच्या एका बाटलीचे लेबल असे छोटे, खरे काम पैसे देऊन करवून घ्या. त्यात तो किती प्रश्न विचारतो, दिलेला दिवस पाळतो का आणि दुरुस्ती सांगितल्यावर चेहरा कसा होतो, एवढे दिसले की पुरे.

प्रश्न : कोल्हापुरात आमचे चामड्याच्या वस्तूंचे दुकान आणि कारखाना आहे. चार वर्षे एका फ्रीलान्स डिझायनरकडून काम घेतले. आता त्याच्याशी पटत नाही आणि तो ओपन फाइली, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइली, द्यायला तयार नाही. पैसे आम्ही पूर्ण दिले आहेत. लोगो आमचाच ना?

पैसे दिले म्हणजे हक्क आला, असा समज जवळजवळ सगळ्या मालकांचा असतो, पण कायदा तसे सरसकट म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. बाहेरच्या माणसाला मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा केलेली फिल्म यांच्या बाबतीतही, वेगळे ठरले नसेल तर, मालकी काम सांगणाऱ्याची. परंतु फ्रीलान्सरने काढलेला लोगो किंवा लिहिलेला मजकूर या सवलतीत सहज बसत नाही. तेथे पहिला मालक तो स्वतः असतो आणि तुमच्याकडे हक्क यायचा तर लेखी हस्तांतर लागते.

ते हस्तांतरही मोघम नको. कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या तुमच्या चपला दुबईत विकायच्या असतील, तर 'सर्व देशांसाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द कागदावर असलेले बरे. एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो परत जाण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. तीही करारात स्पष्टपणे बाजूला ठेवता येते.

तुमच्या प्रकरणात भांडण वाढवण्याआधी त्याच्याशी हिशेबाने बोला. ओपन फाइल ही बहुधा मूळ बोलीत नव्हतीच. तुम्ही छपाईच्या फाइलींचे पैसे दिले आणि त्याने त्या दिल्या. आता हक्कांचे हस्तांतर आणि फाइली यांची मिळून एक रक्कम ठरवा, दोन पानी कागद करा, सही झाल्यावर फाइली तुमच्या खात्यावर चढवून घ्या. वकिलाच्या पहिल्या नोटिशीला जो खर्च येईल त्याच्या आसपास हे मिटू शकते. फाइली हातात येताच त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विकत घेतलेले फाँट आणि चित्रसंग्रहातली छायाचित्रे यांचे परवाने त्याच्या नावावर असतील, तर ते फाइलीबरोबर आपोआप तुमच्याकडे येत नाहीत. ते तुम्हाला वेगळे घ्यावे लागतील.

पुढच्या माणसाशी हे सगळे काम सुरू होण्याआधी ठरवा. त्या वेळी दोघेही खुशीत असतात आणि कागदावर सही पाच मिनिटांत होते.

प्रश्न : डिझायनरला आगाऊ किती द्यावे? आमचे लेखापाल म्हणतात, बिल ९० दिवसांनी दिले तरी चालते.

आगाऊ रकमेचा नियम नाही. मी स्वतः काम सुरू होताना निम्मे, मान्यतेनंतर उरलेले, अशी बोली पसंत करतो. नव्वद दिवसांचे मात्र लेखापालांना पुन्हा विचारा. डिझायनर किंवा एजन्सी 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर सूक्ष्म अथवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्याखेरीज ही मुदत उलटून वर्षअखेरीस बाकी राहिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, तुमच्या प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. जाता जाता, जीएसटी नोंदणी नसलेल्या फ्रीलान्सरला बिलात जीएसटी लावता येत नाही; बिलावर तो दिसला तर नोंदणी क्रमांक मागा.

प्रश्न : नाशिकला आमची द्राक्षे आणि बेदाण्यांची निर्यात आहे, आता देशातही विक्री सुरू करतो आहोत. डिझायनर दिल्लीचा आहे, काम उत्तम करतो, पण मराठी मजकूर नेहमी कुठेतरी चुकलेला वाटतो. मराठीसाठी वेगळा माणूस घ्यावा का?

घ्यावा, आणि तो अनुवाद करणारा नसून मराठीत लिहिणारा असावा. तुम्ही पाठवलेल्या खोक्याच्या फोटोत तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत.

पहिली तांत्रिक आहे. 'उत्कृष्ट' मधले जोडाक्षर फुटून हलन्त वेगळा दिसतो आहे आणि 'निवडक' मधली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी सुरू केलेली नसली की युनिकोड मजकूर असा विस्कटतो. डिझायनरला तेवढे सांगितले तर एका मिनिटाचे काम आहे. उलट, एखाद्या छापखान्याने मजकूर श्री-लिपी या युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटपद्धतीत टाइप करून दिला आणि इकडे युनिकोड फाँट लावला, तर अक्षरांऐवजी निराळीच चिन्हे उमटतात. त्यासाठी मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

दुसरी लिपीची. त्याने वापरलेल्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. मराठी वाचणाऱ्याला ते वाचता येतात, पण खोका परक्या गावातून आल्यासारखा वाटतो. तुम्हाला 'कुठेतरी चुकलेले' वाटते ते बहुधा हेच. काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की आपल्या वळणाची अक्षरे मिळतात. फाँट ठरवताना 'लाल', 'शेत' आणि 'वाऱ्यावर' हे तीन शब्द त्यात लिहून बघा. तिसऱ्या शब्दात ऱ्या नीट उमटला, तर तो फाँट पुढच्या फेरीत घ्या.

तिसरी चूक मजकुराची आहे आणि ती डिझायनरच्या माथी मारता येणार नाही. 'निसर्गाच्या सर्वोत्तमाचा अनुभव घ्या' असे खोक्यावर छापले आहे. तुमच्या बागेतला कोणीही माणूस बेदाण्याबद्दल असे बोलणार नाही. लिहिणाऱ्याला इंग्रजी मजकूर पाठवू नका. त्याला एक दिवस शेडवर न्या, जाळीवर घड कसे वाळतात, बेदाणा हिरवट ठेवायला काय करतात, प्रतवारी करणाऱ्या बाया कोणता दाणा बाजूला काढतात हे दाखवा आणि खोक्यावर किती शब्दांची जागा आहे तेवढे सांगा. मजकूर आधी आणि मांडणी नंतर, असा क्रम ठेवा, कारण तयार चौकटीत मराठी कोंबताना पहिला बळी मात्रांच्या वरच्या जागेचा जातो. छपाईला जाण्यापूर्वी प्रूफ पडद्यावर न पाहता खऱ्या आकारात कागदावर काढून, ज्याने मजकूर लिहिला त्याच्याकडून वाचून घ्या आणि त्यावर तारखेसह सही घ्या. दिल्लीला ती सही झालेल्या पानाचा फोटो पाठवला की पुरते.