खाण सुरू झाल्यावर बोअरचं पाणी उतरलं, म्हणजे ते खाणीतच गेलं का?

तुमचा प्रश्न असा: वालुकाश्मातली बोअर, खाली लाँगवॉल पद्धतीची (लांब पट्ट्यातला सगळा कोळसा काढून मागचं छत कोसळू देणारी) कोळसा खाण, आणि पातळी झपाट्याने उतरली. पाणी खाणीत गेलं असेलच असं नाही. दोन वेगळ्या गोष्टींमुळे पातळी उतरते आणि त्यांत गल्लत झाली की उपायही चुकतो.

कोळसा काढल्यावर छत कोसळतं आणि त्यावरच्या खडकात एकमेकींना जोडलेल्या भेगा पडतात. या भेगा काढलेल्या जाडीच्या साधारण 30 ते 50 पट उंच जाऊ शकतात. 3 मीटर कोळसा काढला तर 90 ते 150 मीटर. खडकानुसार हा आकडा बराच बदलतो, म्हणून त्यावर विसंबू नका. तुमचा जलधर, म्हणजे बोअरला पाणी देणारा खडकाचा थर, या पट्ट्यात आला तर पाणी खरोखर खाली झिरपतं. भेगेची रुंदी दुप्पट झाली की पाण्याच्या दाबातला फरक तेवढाच असतानाही प्रवाह आठपट होतो, त्यामुळे भेग थोडी रुंदावली तरी पुरते.

त्याच्या वरचा खडक फक्त वाकतो. थरांमध्ये आडव्या फटी पडतात, जुने सांधे (खडकातल्या नैसर्गिक चिरा) रुंदावतात आणि नवी पोकळी भरायला पाणी तिकडे वळतं. इथेही पातळी अचानक उतरते, पण पाणी खाणीत पोचलेलं नसतं. मधला शेलचा (चिखलापासून बनलेला, पाणी सहसा न झिरपू देणारा खडक) किंवा चिकणमातीचा थर शाबूत असेल तर पावसाच्या पुनर्भरणाने पातळी बरीचशी परत येते. मात्र खडकाची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) वाढल्यामुळे ती पूर्वीपेक्षा खाली स्थिरावू शकते आणि झरा उताराच्या खालच्या बाजूला फुटतो. अशा पाण्यात लोह व मँगनीज वाढलेलं दिसतं, कारण ताज्या फुटलेल्या खडकातली खनिजं विरघळतात.

हे ओळखायचं कसं? एकाच उघड्या बोअरची पातळी पुरेशी नाही. तिच्यात सगळ्या थरांचे दाब मिसळतात, शिवाय ती स्वतःच वरचं पाणी खाली नेणारी वाट बनते. वेगवेगळ्या खोलींवर सिमेंटने बंद केलेले पिझोमीटर (त्या-त्या खोलीवरचा पाण्याचा दाब मोजणारी साधनं) हवेत. शेलच्या खालचा दाब घटला आणि वरचा टिकला, तर थर अजून पाणी धरून आहे. वरचाही घटत राहिला, पावसानंतर सावरला नाही आणि खाणीतून पाण्याचा उपसा वाढला, तर गळती जवळपास नक्की. माझा आग्रह एवढाच की नोंदी खाणकामाच्या किमान दोन वर्षं आधीपासून, पर्जन्यमानासकट हव्यात. नाहीतर दुष्काळाची घट खाणीच्या नावावर जाते, किंवा खाणीची दुष्काळाच्या.